तीन हिरवी लुगडी

नांदेडच्या दवाखान्यात माझा अर्ज माझ्या मुलाने भरला. दत्ता डॉक्टरसमोर खुर्चीवर बसला होता आणि मी मागे बाकावर, पदर घट्ट ओढून. डॉक्टरांनी विचारलं, "घरात याआधी कुणाला कॅन्सर?"

दत्ता म्हणाला, "न्हाई साहेब. आजोबाला शुगर व्हती. वडिलाला बीपी, हार्टनं गेले. एका चुलत्याला दमा हाय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सगळी माणसं माझ्या सासरची. माझ्या रक्ताचं त्यात एकही नव्हतं. छातीतली गाठ माझी आणि आजार लिहिले नवऱ्याच्या बापाचे. ना दत्ताला ते चुकलं असं वाटलं, ना डॉक्टरांना, ना मला. पोरगी दिली की ती त्या घरची झाली. देवक बदलतं, कुलदैवत बदलतं, नावसुद्धा बदलतं. रक्त तेवढं बदलत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण मी अगदीच अजाण होते असंही नाही. गंगू आत्याच्या छातीला जखम झाली होती आणि तिला शेवटी गोठ्यात झोपवायचे, हे मी परकरात असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. बाकावर बसल्या बसल्या ते मला आठवलं. समोर दोन पुरुष, त्यातला एक पोटचा पोरगा. त्यांच्यापुढे आत्याच्या थानाचं काय बोलायचं, असं म्हणून मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्यापायी हे लिहिते आहे.

*

गाठ मला आंघोळ करताना लागली होती. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. सोयाबीनची काढणी चालू होती, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मग गहू आला. मग पुतण्याचं लग्न. चिंचोक्याएवढी झाली तेव्हा सुनेने ब्लाउजवरचा डाग पाहिला आणि विचारलं. त्यामुळे माझं धाडस वगैरे काही नाही. सापडले, एवढंच.

एक बाजू काढून टाकली. मग सहा वेळा औषधाची बाटली. तोंडाला लोखंडाची चव यायची, पाणीसुद्धा गोड लागायचं नाही. केस गेले. शेजारच्या खाटेवर भोकरकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. ती म्हणायची, "बरं झालं, उवा बी गेल्या." पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्या वेळी मी गेले तेव्हा त्या खाटेवर दुसरीच बाई होती. मी चौकशी केली नाही.

सहाही वेळा माझ्याजवळ माझी लेक वंदना होती. जळकोटला दिलेली. घरदार, दोन पोरं, म्हशी, सगळं नवऱ्यावर टाकून यायची. माझी ओकारी धरायची, पाठ चोळायची आणि वर मलाच रागवायची. सुनेने माझी मिश्रीची डबी फेकून दिली होती, वंदनाने तर घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून दुसरी डबी शोधून काढली.

"हे काय हाय, माय?"

"जुनी हाय."

"जुनी हाय तर वली कशी?"

एकदा सलाईन चालू असताना तिने विचारलं, "माय, मला बी होईल का गं हे?"

मी म्हटलं, "तू तुझ्या बापाची. तुझ्यात माझं काय आलंय?"

मी हे ठामपणे सांगितलं. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं.

*

पाच वर्षं मी नीट होते. दर सहा महिन्यांनी नांदेडला जाऊन यायचं, बस.

मग वंदनाचं पोट फुगायला लागलं. एक्केचाळीस वर्षांची होती. जळकोटच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. सासू म्हणाली, अंग सुटलंय. दोन महिने ओव्याचं पाणी, हिंग, सोडा. दिवाळीला आली तेव्हा चेहरा वाळलेला आणि पोट पुढे. मी तिला बघितलं आणि माझे हातपाय गार पडले. असं पोट मी कुणाचं बघितलं होतं ते आठवेना. आपण लातूरला जायचं, एवढंच मी म्हटलं.

लातूरच्या दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं. कॅन्सर अंडाशयाचा होता आणि तो पोटभर पसरलेला होता. तिथली डॉक्टर बाई होती. तिने वंदनालाच विचारलं, आईला काही होतं का. वंदना म्हणाली, हाव, छातीचा. डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुमच्या माहेरी कुणाला?"

साठीच्या पुढे येईपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

वंदनाचं आणि माझं, दोघींचं रक्त तपासायला पाठवलं.

*

महिन्याभराने आम्हाला एका लहान खोलीत बोलावलं. मी आणि दत्ता. वंदना वर वॉर्डात होती. समोर पंचविशीची एक मुलगी, घरच्यांना आजार समजावून सांगणं हेच तिचं काम. नाव रेश्मा.

"आजी, वाचता येतं का?"

"चौथी पास हाय."

तिने कागदावर लिहिलं: गवत उपट कमल. म्हणाली, "प्रत्येकाच्या अंगात कणाकणात असं लिखाण असतं, आणि शरीर ते तीन-तीन अक्षरांनीच वाचतं. आता बघा." तिने कमलचा ल खोडून ळ केला. "बिघडलं काही?"

"न्हाई. कळतंय."

"असे बदल तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत असतात. त्यानं काही होत नाही." मग तिने उपटचा प खोडून ल लिहिला. "आता?"

"आता काम बदललं. उपटायला सांगितलं, हे उलटं करून ठिवतंय."

तिने पुन्हा पहिल्यासारखं लिहिलं आणि या वेळी उ खोडला. "तीन-तीननं वाचा."

मी वाचलं. "गवत. पटक. मल." पुढे काही अर्थच लागेना.

"एक अक्षर गळालं की मागची सगळी पुढं सरकतात. एखादं जास्तीचं घुसलं तरी तसंच. कधी मधेच पूर्णविराम पडतो आणि वाचणं तिथंच थांबतं. कधी अख्खं पान गळतं, नाही तर उलटं चिकटतं. तुमच्यात एक अक्षर गळालंय, आजी. वंदनाताईंमध्ये तेच अक्षर, त्याच जागी."

पेरणीला तिफणीमागे मी अर्धं आयुष्य चाडं धरून, त्यात मुठीने बी सोडत चालले आहे. एका नळीत ढेकूळ अडकलं की वरून मूठ सोडत राहिलं तरी खाली दाणा पडत नाही. चालताना ते दिसत नाही. आठ दिवसांनी रान उगवून येतं तेव्हा एक ओळ मोकळी दिसते. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "असंच. आणि तुमची मोकळी राहिलेली ओळ नेमकी दुरुस्ती करणारी आहे. अंगात रोज चुका होतात. त्या दुरुस्त करणारंच नीट चालत नाही."

 दत्ता म्हणाला, "मॅडम, फवारणीनं झालं असंल का? आमच्याकडं औषध लई मारतेत."

"मिश्रीनं झालं का ते बी सांग," मी म्हटलं. "सून डबी घेऊन बसलीय."

रेश्मा हसली नाही. म्हणाली, "तंबाखूनं लिखाण बिघडतं. धुरानं, कडक उन्हानं, काही औषधांनी, एक्स-रेच्या किरणांनी बिघडतं. आणि कशानंच नाही तरी बिघडतं, कारण शरीर जन्मभर नकला करत असतं आणि नक्कल करताना चुकतं. ते बिघडलेलं बहुतेक ज्याचं त्याच्यापाशी राहतं, लेकराला जात नाही. मिश्री सोडाच, आजी. पण हे मिश्रीचं नाही. हे तुम्ही जन्मताना घेऊन आलात."

"कुणाकडून?"

"तेच तुम्ही मला सांगायचं."

माझी आई नव्वदीला गेली, तिच्या तिन्ही बहिणी म्हाताऱ्या होऊन गेल्या. मग हे आलं कुठून? रेश्मा म्हणाली, वडिलांकडून. मी म्हटलं, बाईचं दुखणं बापाकडून कसं येईल, माझा बाप चौऱ्याऐंशीचा होऊन गेला, त्याला शिंकसुद्धा आली नाही. ती म्हणाली, "अर्धं लिखाण आईचं असतं, अर्धं बापाचं. बापाला काही न होता तो पुढं देऊ शकतो. वडिलांच्या बहिणी किती होत्या? कशानं गेल्या?"

गंगू आत्याचं तेवढं मला सांगता आलं, बाकीच्यांचं नाही. आत्या लग्न होऊन गेल्या की त्यांची नावं बदलली, गावं बदलली. घरात त्यांचा एक फोटो नव्हता.

*

माझं माहेर देगलूरपासून पुढे, तेलंगणाच्या हद्दीजवळ. भाऊ गेला आहे. त्याची बायको पारूबाई आहे, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. दत्ताने मला मोटारसायकलवरून नेलं. तिने आवाजावरून ओळखलं.

"आक्का? आता कशी वाट वाकडी केलीस?"

मी तिला आत्यांचं विचारलं. नावं तिलाही धड येईनात. मग ती म्हणाली, "थांब. लुगड्यावरून सांगते."

आमच्याकडे लेक सासरी वारली तरी शेवटचं लुगडं माहेरचंच लागतं. भाऊ ते घेऊन जातो. नवऱ्याआधी गेली तर हिरवं, विधवा होऊन गेली तर पांढरं. ही पारूबाई तेराव्या वर्षी आमच्या घरात आली. माझी आई सोवळ्यातली बाई, बाजाराला जायची नाही. म्हणून देगलूरच्या दुकानातून ही लुगडी आणायचं काम पारूबाईवर पडायचं.

तिने बोट मोडलं. "पैलं म्या आणलं ते गंगू आत्याचं. हिरवं. आत्या छातीच्या जखमंनं गेली. वास मारायचा म्हणून आणलेलं लुगडं बी लांबून टाकलं तिच्यावर." दुसरं बोट. "दुसरं भागू आत्याचं. हिरवंच. तिला बी तिथंच गाठ. दुकानदार मला म्हणाला, पोरी, तुमच्या घरात हिरवं लई लागायलंय."

मग तिने तिसरं बोट नुसतंच धरून ठेवलं.

"तिसरं कुणाचं, वहिनी?"

"तुला ठाव न्हाई का? काशीचं."

काशी माझी सख्खी थोरली बहीण. ती गेली तेव्हा मी दत्ताची बाळंतीण होते. दीड महिना मला कुणी सांगितलं नाही. मग सांगितलं की कुणीतरी तिला काहीतरी खाऊ घातलं.

"खाऊ घातलं कशाचं," पारूबाई म्हणाली. "पोटात पाणी झालं व्हतं. नऊ म्हैन्याच्या बाईवानी पोट. लुगडं कमरंला पुरंना."

मग मला आठवलं. मी बाळंतपणाला जायच्या आधी काशी मला भेटायला सासरी आली होती. ओसरीवर बसली होती, चेहरा वाळलेला आणि पोट पुढे. मी तिला थट्टेने म्हटलं होतं, आपण दोघी एकदमच बाळंत होऊ. वंदनाचं पोट बघून हातपाय का गार पडले ते मला पारूबाईसमोर बसल्यावर कळलं.

दत्ता उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होता. 

*

रेश्माच्या कागदावर मी तिन्ही सांगितल्या. तिने बायकांचे गोल काढले, आजार झालेल्यांच्या गोलांत रेघा भरल्या. माझ्या बापाचा चौकोन कोराच ठेवला, फक्त मधोमध एक टिंब दिलं. म्हणजे आजार नाही, पण आत चूक आहे.

मी तिला सरळ विचारलं, "मी त्या टायमाला नांदेडच्या दवाखान्यात बोलले असते, तर पोर वाचली असती का?"

  ती म्हणाली, "तेव्हा तपासणी झाली असती तर ताईंना सांगितलं असतं की दोन लेकरं झालीत, आता अंडाशय काढून टाका. मग बहुतेक वाचल्या असत्या. पण विचारणाऱ्यानं नीट विचारायला पाहिजे होतं, आजी."

"विचारणाऱ्याचं तो बघंल. माझं मी बघते."

वंदनाला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. खाटेच्या कडेवर बसून सगळं सांगितलं, अर्ज, गंगू आत्या, काशी, आणि मी तिला म्हटलेलं ते, तुझ्यात माझं काय आलंय. तिने तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी आणलेली पेज नर्सच्या हातून प्यायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादानं सासरचं सांगितलं, ते सांगितलं. तवा तुझ्या तोंडात काय व्हतं? मिश्री?"

"लाज व्हती," मी म्हटलं.

"कुणाची?"

  ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "पाठ चोळ." मी चोळत बसले. माझी सहा वेळा तिने चोळली होती. तिची किती वेळा चोळली ते मी मोजलं नाही. वर्षभर चोळली.

त्या वर्षातल्या काही गोष्टी चांगल्याही होत्या. वॉर्डातली झाडणारी मावशी रोज सकाळी न मागता गरम पाण्याची बादली आणून ठेवायची. वंदनाचा नवरा भला माणूस निघाला. म्हशी विकून लातूरला खोली घेऊन राहिला, भाकरी करायला शिकला. त्या जाड व्हायच्या. वंदना म्हणायची, "ह्या भाकरीवर पाय देऊन उभं ऱ्हावं." आणि अर्धी खायची.

ती दुसऱ्या उन्हाळ्यात गेली, जळकोटला, स्वतःच्या घरात. नवऱ्याआधी.

लुगडं आम्हीच न्यायचं होतं. मी विधवा, माझा हात त्याला लागू नये म्हणतात. मी दुकानात गेले आणि मीच निवडलं. दुकानदाराने विचारलं, कार्य काय आहे? मी म्हटलं, लेकीला न्यायचंय. त्याने जरीची दाखवली. मी साधं मऊ सुती घेतलं. तिच्या पोटावर बाळंतपणानंतरही काही घट्ट सहन व्हायचं नाही. हिरवं. पारूबाईच्या बोटांवर चौथं.

*

दत्ताला एक मुलगी आहे, पल्लवी, एकवीस वर्षांची, नांदेडला शिकते. रेश्माने आधीच सांगितलं होतं की दत्तामध्ये ते असू शकतं, अर्धी-अर्धी शक्यता. त्याच्यात नसलं तर पल्लवीला यातलं काहीच नाही. असलं तर तिलाही अर्धी-अर्धी.

दत्ता जायला तयार होईना. म्हणायचा, "मला काय थानं हायत का? पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून तू लोकात बोभाटा करायलीस."

दोन महिने मी ऐकून घेतलं. मग एक दिवस तो जेवायला बसला तेव्हा म्हटलं, "माझ्या बापाला बी थानं नव्हती. त्यानं दोन बहिणीला अन् एका लेकीला हिरवं लुगडं नेलं. तू एका बहिणीला नेलंस. आता लेकीला नेणार असशील तर तसं सांग, मी दुकान दाखवून ठिवते."

सून घास हातात धरून तशीच बसली. दत्ता ताटावरून उठला. फार कडक बोलले हे मला कळतं. मऊ बोलून एक लेक गेली होती.

आठ दिवसांनी तो रक्त देऊन आला. त्याच्यात निघालं. त्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघ्यात डोकं घालून बसला.  मी पाठीवर हात ठेवला. त्याच्या पाठीलाही हात लावून किती वर्षं झाली होती.

हे वाचणाऱ्या बायकांना माझं सांगणं थोडं आहे. दवाखान्यात विचारलं की सासरचं सांगू नका, ते नवऱ्यासाठी ठेवा. आईकडचं सांगा, आणि बापाकडचंही सांगा. नावं आठवत नसतील तर कोणत्या लेकीला कोणतं लुगडं गेलं ते घरातल्या म्हातारीला विचारा. तिला माहीत असतं. मुलगा खुर्चीवर बसला असेल तर त्याला उठवा.

*

गेल्या महिन्यात पल्लवीला घेऊन लातूरला गेलो. तिला कुणी ओढून नेलं नाही, ती स्वतः म्हणाली, मला तपासून बघायचंय. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर पल्लवी, एकीवर मी. दत्ता भिंतीला टेकून उभा. अर्ज पल्लवीच लिहीत होती.

"सांग, आज्जी."

"गंगू. भागू. काशी." ती लिहीत गेली, पुढे आजार, पुढे वय, जमेल तसं अंदाजाने. "मग मी. सोजर."

"तुझ्यापुढं काय लिहू?"

"जित्ती हाय, लिही."

तिने 'हयात' लिहिलं.

"मग वंदना."

पल्लवीचा पेन थांबला. "आत्याच्या आधार कार्डावर मीरा हाय."

"ते तिच्या सासरचं. आपल्या घरात जन्मली ती वंदना."

पल्लवीने वर बापाकडे बघितलं. दत्ता म्हणाला, "वंदना लिही. अन् खाली माझं लिही."

तिने दोन्ही लिहिली. रकान्यातल्या ओळी तिथे संपल्या, शेवटची एकच राहिली. ती तिच्या स्वतःच्या नावाची होती. तिथे तिने पल्लवी लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

निकाल अजून यायचा आहे.